आबांनी ठोकलेला दरवाजा

आमच्या घरात भिंतीला खिळा ठोकायचा असला तर तो आई ठोकते. तिच्या लग्नाला पन्नास वर्षं होत आली. कॅलेंडर, घड्याळ, आरसा, जे काही आमच्या भिंतींवर लटकलेलं आहे ते सगळं तिच्या खिळ्यांवर. आबा, म्हणजे माझे वडील, स्टूल धरून उभे राहतात. त्यांचा वायुदलाच्या गणवेशातला फोटो लावायचा होता तेव्हासुद्धा आईच स्टुलावर चढली होती. ठोकून झाल्यावर पदराला हात पुसत म्हणाली, "ठोकी दिधा खिया. आते टांगा तुम्हना फोटू." आबांनी गुपचूप फोटो टांगला.

हे एखाद्या मास्तरच्या किंवा तलाठ्याच्या घरात चाललं असतं. पण आमचं घर सोनगीरच्या तांबटांचं. धुळ्याहून शिरपूरकडे जाताना हायवेवरून किल्ला दिसतो, त्याच्या पायथ्याशी आमची गल्ली. तांब्याच्या भांड्यावर हातोडीचे बारीक ठोके मारायचे, म्हणजे मठारकाम करायचं, हा आमचा पिढीजात धंदा. ठोक्यांनी भांड्याला चकाकी येते आणि तांबं कडक होतं. आबा या घरात जन्मले, वयाच्या विसाव्या वर्षी वायुदलात गेले आणि तिथं पंधरा वर्षं विमानांचं पत्रेकाम केलं. एवढा हातोडीतला माणूस परत आला आणि त्यानं गावात दुकान कशाचं काढावं? मशीनवर दाबलेल्या स्टीलच्या भांड्यांचं. गल्लीतल्या लोकांना त्यांची चेष्टा करायला आयता विषय मिळाला. आबा हसायचे आणि गिऱ्हाईकाला डबे दाखवायला लागायचे.

त्यांची हातोडी दिसायची नाही, पण गोष्ट मात्र सगळ्या गावानं ऐकली होती. दर पंधरा ऑगस्टला आणि सव्वीस जानेवारीला शाळा त्यांना बोलवायची आणि आबा रात्रीच्या विमानाची गोष्ट सांगायचे. मी ती निदान पन्नास वेळा ऐकली आहे, त्यामुळे कुठं श्वास घ्यायचा तेसुद्धा मला पाठ आहे. एकाहत्तरचं युद्ध चालू होतं. आबा चोवीस वर्षांचे, सीमेजवळच्या वाळवंटातल्या तळावर. तिथून एक लढाऊ विमान रोज अंधार पडला की गस्तीला जायचं. त्या संध्याकाळी ते गेलं, विमान चालवणाऱ्या साहेबांनी काचेतून अंगठा दाखवला. वर आभाळात शत्रूच्या विमानाशी गाठ पडली. अर्ध्या तासानं आवाज आला. तळावर सगळीकडे काळोख, फक्त धावपट्टीच्या कडेला पत्र्याच्या टोप्या घातलेले मिणमिणते दिवे. इथं आबा हात लांब करून दाखवायचे आणि म्हणायचे, "विमान सरळ आलं. एकसुद्धा घिरटी घातली नाही." आणि चाकं न उतरवताच ते पोटावर टेकलं. भांड्यांचं कपाट उलथावं तसा आवाज झाला, ठिणग्या उडाल्या, विमान घसरत घसरत वाळूत जाऊन थांबलं. आबा आणि इतर लोक धावले आणि साहेबांना ओढून बाहेर काढलं. शेपटीला गोळ्यांची भोकं होती. "साहेब वाचले. जय हिंद." पोरं टाळ्या वाजवायची, मुख्याध्यापक पेढा द्यायचे. तो पेढा आबा घरी आणून मला द्यायचे आणि त्या दिवशी दुपारी जेवायचे नाहीत. गर्दीत बोलून डोकं दुखतं म्हणायचे.

मला मात्र ठोकायचं होतं. आठ-नऊ वर्षांची असताना मी काकांच्या कारखान्यातून, म्हणजे शेजारच्या पडवीतून, एक लहान हातोडी उचलून घरी आणली आणि एका जुन्या तांब्यावर टकटक सुरू केली. आबा दुकानातून आले, माझ्या हातातून हातोडी काढून घेतली आणि फळीवर ठेवली. "हे तुझं काम नाही," म्हणाले. रागावले नाहीत, आवाजही चढवला नाही. पण मला जे समजायचं ते मी समजले. मुलगी आहे म्हणून नाही म्हणतात. माझा स्वभाव तेव्हापासूनच असा आहे की नाही म्हटलं की मी ती गोष्ट करून दाखवल्याशिवाय राहत नाही.

मी काकांकडे शिकले. त्यांना असल्या कल्पना नव्हत्या, हात चालतो ना, मग बस, एवढंच त्यांचं म्हणणं. एकोणीस वर्षांची असताना मी पहिलं अख्खं घंगाळ एकटीनं केलं. पत्रा कापला, उंचवला, जोडला, मठारला, चिंचेनं घासून लख्ख केलं आणि आबांच्या समोर नेऊन ठेवलं. त्यांनी ते दोन्ही हातांनी फिरवलं. काठावरून अंगठा फिरवला, उलटं करून बूड पाहिलं, पुन्हा सरळ ठेवलं. मग म्हणाले, "बरं शे." आणि दुकानात निघून गेले.

दोनच शब्द! मी मागच्या दारी बसून रडले आणि रडून झाल्यावर जो राग आला तो पुढं कैक वर्षं पुरला. घंगाळ न्हाणीत गेलं. ते ठेवलं की जरासं डुलायचं, म्हणून आईनं खाली कौलाचा तुकडा सरकवला. न्हाणीची फरशीच उताराची होती, भांड्याचा काय दोष, असं मी सगळ्यांना ठासून सांगत असे.

त्याच रागावर मी पत्रेकामाचा कोर्स केला आणि आज जळगावच्या आयटीआयमध्ये तोच विषय शिकवते. सुरुवातीला मुलं मला बघून समजायची की मॅडम ऑफिसातल्या आहेत, हजेरी घ्यायला आल्यात. पहिल्या तासाला मी एक सपाट पत्रा घेते आणि पंधरा मिनिटांत त्याची वाटी करून टेबलावर ठेवते. मग कोणी काही विचारत नाही. माझ्या हातावर माझा विश्वास आहे आणि तो मी कुणाकडून उधार आणलेला नाही, असं मी या जानेवारीपर्यंत मानत होते.

या सव्वीस जानेवारीला मी आबांना आमच्या संस्थेत बोलावलं. खरं सांगायचं तर त्यात प्रेमापेक्षा खुमखुमी जास्त होती. मुलीनं काय उभं केलंय ते एकदा बघा म्हणावं. मी आदल्या दिवशी सोनगीरला जाऊन गाडीतून त्यांना घेऊन आले. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आबा, इस्त्रीचा पांढरा शर्ट, छातीवर जुनी पदकं. झेंडावंदन झालं, त्यांनी गोष्ट सांगितली. त्याच जागी हात लांब केला, "एकसुद्धा घिरटी घातली नाही" म्हणाले, जय हिंद म्हणाले. टाळ्या कडाडल्या. मग मी त्यांना माझी कार्यशाळा दाखवायला नेलं.

त्या दिवशी पाहुण्यांना दाखवण्यासाठी प्रशिक्षणार्थींनी कामं मांडून ठेवली होती. एका मुलीनं लोखंडी कपाटाचा दरवाजा घेतला होता. त्याला मोठा पोचा आला होता, तो तिनं मागून ठोकळा धरून आणि पुढून ठोकून काढला होता. काम इतकं साफ होतं की पोचा कुठं होता ते सापडू नये. पण दरवाजा कपाटाला लावायला गेली तर तो बंद होईना. एका कडेला अडत होता. ती बिचारी कानशीनं कड घासत उभी होती.

मला तर ही शिकवायची संधीच. सगळ्यांना गोळा करून मी दरवर्षी सांगते तेच सांगितलं. "ठोकलं की पत्रा पसरतो. पोचा जातो, पण पत्रा मोठा होतो. भांड्याला ते चालतं, भांड्याला कुठल्या चौकटीत बसायचंय? दरवाज्याला चालत नाही. मोठा झालेला दरवाजा कधी बंद होत नाही, आणि जोर करून बंद केलात तर वेळेला उघडत नाही." मग जरा हशा यावा म्हणून म्हटलं, "ही चूक तांबटच करणार. त्याला पोचा दिसला की हात शिवशिवतात." मुलं हसली.

आबा हसले नाहीत. त्यांनी पुढं होऊन त्या दरवाज्याच्या कडेवरून अंगठा फिरवला. मग त्यांनी कपाटाचा आधार घेतला. मला वाटलं साखर कमी झाली असेल. मी चहा मागवायला वळले, तोवर ते कार्यशाळेच्या बाहेर पडून गाडीत जाऊन बसले होते.

चहा न घेता, प्राचार्यांचा निरोप न घेता आम्ही निघालो. मला राग येत होता आणि काळजीही वाटत होती. एरंडोल मागं पडलं. मी दोनदा विचारलं, "आबा, काय व्हयनं?" दोन्ही वेळा "काही नही." मग एकदम म्हणाले, "गाडी जराशी बाजूले ले." मी एका कडुनिंबाखाली गाडी थांबवली. केळीचे घड भरलेला एक टेम्पो बाजूनं गेला. आबा समोर रस्त्याकडे बघत म्हणाले, "तो दरवाजा मी ठोकेल व्हता."

मला वाटलं ते कपाटाबद्दल बोलताहेत. ते विमानाबद्दल बोलत होते.

त्यांनी जे सांगितलं ते मी पन्नास वेळा ऐकलेल्या गोष्टीत कधीच नव्हतं. त्या दिवशी दुपारी विमान आडोशाला ओढताना चाकाचा दरवाजा एका लोखंडी शिडीवर आदळला आणि त्याला पोचा आला. विमान हवेत गेलं की चाकं पोटात जातात आणि हा दरवाजा त्यांच्यावर बंद होतो. उतरताना चालवणारा एक दांडा खाली ओढतो, मग आधी दरवाजा उघडतो आणि चाकं बाहेर येतात. नवा दरवाजा सकाळशिवाय येणार नव्हता आणि विमान तर अंधार पडताच जायचं होतं. सगळे डोक्याला हात लावून बसले. चोवीस वर्षांचा तांबटाचा पोर म्हणाला, मी करतो. अर्ध्या तासात त्यानं दरवाजा आरशासारखा केला. वरिष्ठांनी पाठ थोपटली. लावताना एका कडेला केसाएवढं घासत होतं, त्यानं कानस मारली आणि दरवाजा बसवला. अशा कामानंतर विमान उचलून धरायचं आणि चाकं वरखाली करून बघायची असा नियम होता. तेवढा वेळ नव्हता. दरवाजा ठीक आहे म्हणून कागदावर आबांनी सही केली.

"सकायले मी वर चढीसन दखं," आबा म्हणाले. "चाकना दांडा खाले व्हता. म्हंजे साहेबनी चाकं सोडेल व्हतात. मंग काबर नही उतरनात? मन्हा दरवाजा अडना."

तो दरवाजा पोटाखाली वाळूत रगडून त्याचा चुरा झाला होता, त्यामुळे बघायला काही उरलं नव्हतं. चौकशीत शत्रूच्या गोळ्यांमुळे बिघाड झाला असं ठरलं. साहेबांच्या पाठीचा मणका दुखावला होता. ते पुन्हा कधी विमानात बसले नाहीत. आणि आबा त्या दिवसापासून गप्प राहिले. नोकरीची उरलेली वर्षं त्यांनी पत्र्याला भोकं पाडण्याच्या आणि रिव्हेट बसवण्याच्या मशीनवर काढली, हातात हातोडी घेतली नाही.

एखाद्या चांगल्या मुलीनं अशा वेळी बापाचा हात हातात घेतला असता. माझ्या तोंडून आधी निघालं ते हे, "म्हणून मला हातोडी दिली नाहीत?"

"मन्हा हातनी खोड तुन्हा हातमा नको जावाले," ते म्हणाले.

चाळीस वर्षं मी ज्या रागावर उभी होते तो असा एका वाक्यात पायाखालून काढून घेतला गेला. मला रडू आलं आणि रडू आल्याचा राग आला. मी गाडी चालू केली. 

घरी आईला सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि कमरेवर हात ठेवून म्हणाली, "मंग पन्नास वरीस खिया मी ठोकात, ते यामुये!" आबांनी मान खाली घातली. मग तिचा आवाज उतरला. तिनं त्यांच्यापुढं ताट ठेवलं आणि आज जेवायचंच म्हणून समोर बसून राहिली. ते जेवले. जेवून झाल्यावर म्हणाले, "एकदाव साहेबले सांगनं शे. मराना पहिले सांगनं शे."

एवढंच त्यांना हवं होतं. माफी वगैरे शब्द त्यांनी काढला नाही. ज्याचं आभाळ आपल्यामुळं गेलं त्याला ते आपल्या तोंडानं सांगायचं, बस. आणि मला भीती वाटत होती की साहेब जिवंत नसतील तर हा माणूस हे असंच घेऊन जाईल.

साहेब जिवंत होते. धुळ्याला माजी सैनिकांचा मेळावा असतो, तिथं एकाकडून दुसऱ्याकडे आणि दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे विचारत मी नंबर मिळवला. ते उत्तरेत एका डोंगराळ गावात मुलीकडे राहत होते. नंबर मिळाला तरी आबांनी फोन करायला महिना घालवला. कागद चष्म्याच्या घरात ठेवला होता, रोज काढायचे, बघायचे, पुन्हा ठेवायचे. शेवटी मार्चमधल्या एका रविवारी सकाळी मी सोनगीरला गेले आणि म्हटलं, आज लावते, नाहीतर कागद फाडून टाकते. आबा आत गेले आणि बाहेर आले ते शर्टाची वरची गुंडी लावून, पायात बूट घालून. फोनवर बूट दिसत नाहीत हे सांगायचं माझ्या जिभेवर आलं होतं, पण मी गिळलं. आई उंबऱ्यात उभी राहिली.

मी फोन स्पीकरवर टाकला. पलीकडून बारीक, थकलेला आवाज आला. आबा खाटेवर ताठ बसले आणि त्यांनी आधी आपला सैनिकी नंबर सांगितला, मग नाव. मग तो आवाज एकदम मोठा झाला, "अरे, तांबेवाला!"

त्यांना आठवत होतं. आबांनी त्यांना पुढं बोलूच दिलं नाही. फौजेतल्या हिंदीत, हजेरी द्यावी तसं एका दमात सगळं सांगून टाकलं. शिडी, पोचा, हातोडी, कड घासत होती ते, चाकं वरखाली करून बघितली नाहीत ते, सही. "गलती मेरी थी, साब," म्हणाले आणि थांबले.

मग साहेब हळूच म्हणाले की दरवाज्याला काही झालं नव्हतं.

"आपको कैसे मालूम, साब?"

पुढचं मी मराठीत सांगते, कारण ते तसंच माझ्या डोक्यात बसलं आहे. साहेब म्हणाले, मी चाकं सोडलीच नव्हती. विसरलो. पहिलीच लढाई होती, अंगाला कंप सुटला होता, खालचे दिवे दिसले आणि फक्त जमीन गाठायची एवढंच डोक्यात राहिलं. चाकं आत आहेत हे सांगणारा भोंगा वाजत होता. मला वाटलं गोळी लागून तोही बिघडला. मी बटण दाबून तो बंद केला. विमान वाळूत थांबलं तेव्हा माझ्या लक्षात आलं. तुम्ही लोक धावत येताना दिसत होता. मी हात लांब केला आणि दांडा खाली ओढला.

उंबऱ्यातून आईचा श्वास मला ऐकू आला.

"चौकशीत मी सांगितलं, चाकं सोडली पण उतरली नाहीत," साहेब म्हणाले. "माझ्या मुलीलाही आज कळतंय, ती इथं शेजारी बसली आहे. तुझी सही खरी होती. खोटी सही माझी." आणि ते रडायला लागले. म्हाताऱ्या माणसाचं रडणं फोनवर फार वाईट ऐकू येतं.

आबा उठून उभे राहिले. "जय हिंद, साब," म्हणाले आणि मला फोन बंद करायची खूण केली.

मी असते तर एवढ्यावर सोडलं नसतं. साहेबांच्या विसरण्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. सत्तावीस वर्षांचा पोर अंधारात मरण बघून आला होता, तो स्वतःचं नावही विसरला असता तर चाललं असतं. पण दांडा खाली ओढणं हे विसरणं नव्हे. त्या एका ओढीनं इथं सोनगीरला एका माणसाचे हात पन्नासच्या वर वर्षं बांधले गेले, आणि तुम्ही आता रडताय? हे सगळं मी आबांना बोलून दाखवलं, जरा मोठ्यानंच.

आबांनी मान हलवली. "साहेब मोठा मानूस शे. मन्हासाठे खोटं बोलना."

मी बघतच राहिले. त्यांना सुटका समोर आणून दिली होती आणि ते ती घ्यायला तयार नव्हते. साहेबांनी आपल्या मनाला बरं वाटावं म्हणून सगळं स्वतःवर घेतलं, असंच ते धरून बसले. दांडा खाली होता, मी माझ्या डोळ्यांनी बघितला, पुन्हा पुन्हा तेच. आई म्हणाली, जाऊ दे आता, आणि चहा टाकायला आत गेली. पण मी शिक्षक आहे. विद्यार्थ्याला एखादी गोष्ट पटत नसली की मी त्याचंच उत्तर त्याच्यापुढं ठेवते.

"आबा," मी म्हटलं, "इमाननी चक्कर कितल्या मारेल व्हत्यात?"

त्यांचा हात सवयीनं लांब झाला. "एक बी नही. सरळ उनं..."

आणि हात तसाच राहिला.

मी पुढं बोलले कारण मला राहवलं नाही. दांडा ओढला आणि चाकं उतरली नाहीत, तर माणूस काय करेल? पुन्हा वर जाईल. घिरटी घालेल, विमानाला हिसके देईल, दांडा पुन्हा ओढेल, खाली तळावर ओरडून सांगेल. तेल संपेपर्यंत प्रयत्न करेल. पोटावर उतरणं हे सगळ्यात शेवटी. हे विमान सरळ आलं, कारण चाकं आत आहेत हे चालवणाऱ्याला माहीतच नव्हतं. "शाळेत दरवर्षी तुम्ही हेच सांगत होतात, आबा. पन्नास वेळा तुमच्याच तोंडून ऐकलंय मी."

"माले वाटे तेल सरनं व्हई," ते पुटपुटले.

"अर्ध्या तासात?"

आबा खाली बसले आणि बुटांच्या नाड्या सोडायला लागले. एक बूट काढला, मग दुसरा. दोन्ही खाटेखाली नीट सरकवले. मग आपले हात पुढं धरून बघत बसले, तळवे, मग पाठ, मग पुन्हा तळवे. मला वाटलं आता चिडतील किंवा रडतील. मीच रडत होते. ते उठले आणि अनवाणीच मागं न्हाणीकडे गेले.

न्हाणीतून पाणी ओतल्याचा आवाज आला. थोड्या वेळानं आबा बाहेर आले ते माझं घंगाळ पोटाशी धरून. ते ओझं त्यांना झेपण्यासारखं नव्हतं, मी पुढं झाले तर त्यांनी कोपरानं बाजूला केलं. अंगणातल्या सपाट फरशीवर त्यांनी ते ठेवलं आणि काठावर एक बोट टेकलं. घंगाळ डुललं. कौलाचा तुकडा नव्हता, न्हाणीचा उतारही नव्हता.

"बाकी बठ्ठं चांगलं शे," आबा म्हणाले. "पन बूड डुगडुगस. पहिलाच दिनले दिसनं व्हतं माले."

"मग तेव्हाच का नाही सांगितलंत?" मी ओरडलेच. एकोणीस वर्षांची होते मी तेव्हा. आता केस पांढरे व्हायला लागलेत.

"कोनतं तोंड लिसन सांगतू तुले?" म्हणाले.

मग त्यांनी घंगाळ उलटं केलं, जमिनीवर उकिडवे बसले आणि बुडावरून अंगठा फिरवत फिरवत एका जागी थांबले. "आठे," म्हणाले, "आठे ठोका जास्ती पडेल शे. जाय, काकाकडथून हातोडी आन. तू धर, मी ठोकस."

मी शेजारून हातोडी आणली. त्यांनी ती हातात घेऊन तोलली, एकदा इकडे, एकदा तिकडे, आणि मला घंगाळ घट्ट धरायला सांगितलं. पहिला ठोका पडला तेव्हा आई चहाचं भांडं तसंच उकळतं सोडून दारात आली, घरात ठोकणारा कोण माणूस आलाय ते बघायला.